कुत्र्याचं खाणं कुत्र्यांवर तपासलेलं चालतं, मग शाम्पू सशावर का नाही?

पूर्णाकाठ (परभणी)
घरातला वाद इथं आणून टाकतोय. लेक यंदा फार्मसीला जायचं म्हणतेय. साबण, शाम्पू, क्रीम काहीही आणलं की आधी बाटली उलटी करून सशाचा शिक्का (प्राण्यांवर तपासलं नाही याची खूण) शोधते. नसला तर परत. मला ते पटतं, आपले केस चमकावेत म्हणून कुणाच्या डोळ्यात आग कशाला. पण परवा शेराचं (आमचा लॅब्राडॉर) पोतं आणलं तर तिची आई म्हणाली, "याच्यावर कुठंय ससा?" पोत्यावर बारीक अक्षरात छापलंय की हे खाणं प्राण्यांना खाऊ घालून तपासलेलं आहे. म्हणजे बाटलीवर 'तपासलं नाही' याची जाहिरात आणि पोत्यावर 'तपासलंय' याची! लेकीचं म्हणणं, तत्त्व एकच, पोतं बंद. बायकोचं म्हणणं, खाण्याची गोष्ट वेगळी. मला दोघींचं पटायलंय, म्हणून घरात माझं कुणालाच पटेना.
तुम्ही काय बघून घेता? दोन्हीला एकच नियम लावायचा का?

ज्वारीची_भाकर (बीड)
भाकरी कुस्करायची, वर दूध. विषय संपला. आज्याच्या कुत्र्यानं जन्मात पोतं बघितलं नाही आणि लांडग्याच्या मागं लागायचं.

लातूरकर_पश्मी
लांडग्याच्या मागं लागायचं म्हणजे आपल्याकडची शिकारी जात, कारवानी नाहीतर पश्मी असणार. लॅब्राडॉर लांडग्याला शेपूट हलवून घरात घेईल.

नांदेडचा_नाना
काय विषय काढलाव राव. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती. माणसाच्या घशाला कोरड आणि आपण सशाच्या डोळ्यावर चर्चा करायलोत.

गोदामाय (गंगाखेड)
नाना, त्याच दुष्काळात बीडला चारा छावण्या होत्या. स्वतःचं घर सोडून माणसं जनावरांजवळ छावणीत जाऊन राहिली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आधी माणसांचं बघा, बैलाचं मागून. तेव्हा हे काही शहरातलं नवं खूळ नाही. पुढं चालू द्या.

फार्मसीवाली (छत्रपती संभाजीनगर)
पूर्णाकाठ दादा, लेकीला आधी एक सांगा. भारतात सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला मे २०१४ पासून बंदी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बाहेर तशी तपासणी झालेला माल आयात करायलाही. म्हणजे इथं बनलेल्या शाम्पूवर ससा छापला काय अन् न छापला काय, इथं कुणी सशाच्या डोळ्यात थेंब टाकलेला नाही. कायद्यानं जे करताच येत नाही ते 'आम्ही करत नाही' म्हणून मिरवायचं, हा नुसता धंदा. उड्या मारणाऱ्या सशाचं जे खरं प्रमाणपत्र आहे, लीपिंग बनी, त्यात कच्चा माल पुरवणाऱ्यांकडूनही लिहून घेतात आणि तपासणीही होते. बाकी कान वर केलेला कुठलाही ससा कुणीही काढू शकतं, त्याला काही अर्थ नाही.

आता गोची सांगते. बंदी प्रसाधनावर आहे. त्यातला घटक जर रसायन म्हणून दुसऱ्या कायद्याखाली येत असेल, तर तिथं प्राणी येतातच. युरोपनं २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली, तरी सनस्क्रीनमधल्या दोन घटकांची प्राण्यांवर चाचणी करा असं तिथल्याच रसायन संस्थेनं सिमराइज या जर्मन कंपनीला सांगितलं. कारण काय, तर कारखान्यात ते हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता. कंपनी कोर्टात गेली आणि २०२३ मध्ये हरली. सशाची बाजू घ्यावी की कामगाराची, सांगा आता.

पूर्णाकाठ
हे वाचून दाखवलं. लेक गप्प झाली. फार वेळ टिकणार नाही, पण झाली.

मेहंदी_आणि_मी (लातूर)
माझं पार्लर आहे, म्हणून बोलते. सशांवरची तपासणी बंद झाली हे उत्तमच. पण आमच्याकडं ससा बंद होऊन बाई सुरू झाली आहे, त्याचं कुणी बोलत नाही.

लग्नसराईत मुली येतात, आठ दिवसांत गोरं करा म्हणून. मी नाही म्हटलं की मेडिकलवरून ट्यूब आणतात, कुणी मावशीनं सांगितलेली असते. त्यात स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळतो की विचारू नका. मग सोडलं की लाल, पुरळ, उन्हात आग, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस. सरकारनं २०१८ ला या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, पण गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी कोण मागतं?

आणि काळी मेहंदी. मेहंदी काळी नसतेच, बायांनो. तिला काळी करायला पीपीडी नावाचा केसांच्या डायमधला रंग घालतात. तेच रसायन १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत पापण्या काळ्या करायच्या 'लॅश ल्युअर'मध्ये होतं. बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला. तोवर तिथं प्रसाधनांना कायदाच नव्हता, तो १९३८ ला आला. म्हणून मी डाय लावायच्या दोन दिवस आधी कानामागं ठिपका लावून बघते. गिऱ्हाईक कुरकुरतं, "ताई एवढं काय त्यात." त्यात काय ते कानामागं सुजलं की कळतं.

सडेतोड (जालना)
पार्लरवाल्या ताईंना शंभर टक्के. पण मूळ मुद्द्यावर येतो. दादांच्या पोत्यात काय आहे? कोंबडी. दळलेली. सशाच्या डोळ्यात थेंब टाकला की पाप आणि अख्खी कोंबडी दळून घातली की पोषण? खाण्याच्या चाचणीत आठ कुत्र्यांना सहा महिने बसवून खाऊ घातलं म्हणून ज्यांना दुःख होतं त्यांनी आधी पोत्याच्या मागची घटकांची यादी वाचावी.

ज्वारीची_भाकर
म्हणून म्हणालो, भाकरी.

तुळशीमाळ (हिंगोली)
सडेतोड भाऊ, हा प्रश्न आमच्या घरात रोज असतो. आईच्या गळ्यात माळ. धाकट्या भावानं कुत्रं आणलं. चिकनचं पोतं घरात चालत नाही म्हणून गच्चीवर, ताटली गच्चीवर, ती घासायचं काम भावाकडं, आणि तो जिना उतरून आला की आई त्याला हात धुवायला लावते, पायसुद्धा. पण कुत्र्यानं दोन दिवस खाल्लं नाही की हीच माय गच्चीच्या दारात उभी राहून, "अरे खा रे खा, तुझंच आहे ते." कुत्र्याला माळ नाही, असं तिचं साधं म्हणणं. आपण घालायची ती आपल्याला.
शाकाहारी पोतंही मिळतं बाजारात, भावानं आणलं होतं. कुत्र्यानं हुंगलं आणि आईकडं बघितलं.

गुरांचा_डॉक्टर (उदगीर)
बराच वेळ वाचायलो, आता राहवत नाही.

१) भाकरी-दूध. मोठ्या गावठी कुत्र्याला चालून जातं, कारण ते दिवसभर गावभर फिरून बाकीचं कमावून आणतं. उंदीर, हाडं, खाटकाच्या दुकानामागचं काहीबाही. पट्ट्यानं बांधलेल्या लॅब्राडॉरच्या पिल्लाला नुसती भाकरी-दूध घाला आणि आणा माझ्याकडं. पुढचे दोन्ही पाय धनुकलीसारखे वाकलेले, मनगटाचा सांधा सुजलेला, उठताना कण्हतं. मालक म्हणतो, "डॉक्टर, रोज लिटरभर दूध देतो की." वरून कांदा-लसणाचं कालवण ओततात. कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, हे कृपा करून लक्षात ठेवा.

२) पोत्यावरचं ते बारीक वाक्य. दोन तऱ्हा असतात. एक, "अमुक तक्त्याप्रमाणे बनवलं आहे", म्हणजे पोषणाचा हिशेब कागदावर आणि प्रयोगशाळेत जुळवला, कुणा कुत्र्याला खाऊ घातलं नाही. दुसरी, "खाऊ घालून तपासलं". जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफको संस्थेची ठरलेली पद्धत अशी: वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांच्या खाण्यासाठी किमान ८ कुत्री, २६ आठवडे दुसरं काही नाही, फक्त तेच खाणं. आधी आणि नंतर पशुवैद्यक तपासतो, वजन बघतात, शेवटी रक्त काढून हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन वगैरे चार गोष्टी बघतात. कुणाचं वजन १५ टक्क्यांपेक्षा उतरलं तर नापास. यात कुणाला फाडत नाहीत, डोळ्यात काही टाकत नाहीत. लेकीला सांगा, या खाऊ घालायच्या चाचणीला आणि सशाच्या चाचणीला एका शिक्क्याखाली आणू नका.

३) तरी कंपन्यांची वकिली मी करणार नाही. २००३ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेनं आयम्स या कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या प्रयोगशाळेतलं लपून केलेलं चित्रण बाहेर काढलं. कुत्री पिंजऱ्यात, हाल बघवत नाहीत अशी. कंपनीनं त्या प्रयोगशाळेशी करार तोडला. म्हणजे चाचणी कसली यापेक्षा कुत्री ठेवली कुठं, तिथं सगळी मेख आहे.

फार्मसीवाली
डॉक्टर, सशाचीही नीट सांगते, कारण 'थेंब टाकतात' एवढंच सगळ्यांना माहीत असतं. ड्रेझ चाचणी, १९४४ ची. सशाला अशा खोक्यात बसवतात की फक्त मुंडी बाहेर, पंजा डोळ्यापर्यंत नेता येत नाही. खालची पापणी बोटानं ओढून तिची वाटी करायची, त्यात पदार्थ सोडायचा, पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेला. मग एक, दोन, तीन दिवसांनी बुबुळावर ढग किती, लाली किती, चिपडं किती याचे गुण लिहायचे. गरज पडली तर २१ दिवसांपर्यंत बघत राहायचं. ससा ओरडत नाही, म्हणून सोयीचा.

आता याला पर्याय आहेत. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी मिळते, तिच्यावर खाज-जळजळ बघता येते. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आलेल्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया वापरतात, पदार्थ लावून त्यातून उजेड किती पार जातो ते मोजतात. जनावर त्यासाठी मारलेलं नसतं.

सडेतोड
"त्यासाठी मारलेलं नसतं" हे वाक्य मला फार आवडलं. चपलेचं कातडंही त्यासाठी मारलेलं नसतं.

फार्मसीवाली
भाऊ, तुम्ही प्रत्येक गोष्टीला "मग ते काय" म्हणणार असाल तर काहीच करायला नको. कोंबडी खाणारा माणूस सशाला त्रास देऊ नका म्हणू शकतो. जेवणाला दुसरा रस्ता काढायला वेळ लागतो. लिपस्टिकला रस्ता निघालेला आहे, देशात कायदा आहे. जे आज थांबवता येतं ते थांबवायचं.

सडेतोड
हे बरोबर. पण मग डॉक्टरांचा दुसरा मुद्दा तुमच्या विरोधात जातो. कागदावरचा हिशेब हा रस्ता आहेच ना, खाऊ घालायची गरज काय?

गुरांचा_डॉक्टर
गरज आहे, मांजराचं उदाहरण देतो. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच पुरेसं मिळावं लागतं, ते मांसात असतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत नावाजलेल्या कंपन्यांचं खाणं खाणारी मांजरं हृदय फुगून मरायला लागली. खाण्यात टॉरिन तक्त्याप्रमाणे होतं, कागदावर सगळं ठाकठीक. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ ला 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की मांजरांच्या रक्तात ते उतरतच नव्हतं. टॉरिन दिलं तशी हृदयं सुधारली. नंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. कागद खोटा नव्हता, पण पोटात काय होतं ते कागदाला कळत नाही.

लेकीच्या बाजूनंही एक बोलतो. हे सापडलं ते दवाखान्यात आलेल्या, घरातल्या मांजरांमुळं. सहा महिन्यांच्या चाचणीत हृदयाचा असा आजार दिसेलच असं नाही. म्हणजे 'खाऊ घालून तपासलं' हे वाक्य वाचून निर्धास्तही होऊ नका.

फार्मसीवाली
हे मला नवीन होतं. मग पिंजऱ्यातल्या ८ कुत्र्यांपेक्षा घरोघरची ८० का नाही? मालक राजी, पशुवैद्यक दर महिन्याला बघतो, रक्त काढायचं तर तेवढंच.

गुरांचा_डॉक्टर
करता येतं. अडचण एवढीच की घरात "२६ आठवडे फक्त हेच" म्हणालो तरी आजी चपातीचा तुकडा टाकणारच.

तुळशीमाळ
आमच्याकडं आजी नाही, आई आहे. टाकते. साखर लावून.

लातूरकर_पश्मी
विषयांतर: माळेगावच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन असतंय, कुणी बघितलं का? खंडोबाचं ठिकाण, कुत्र्याला मान असणारच. एकदा तिथं धनगर मामाला विचारलं काय खाऊ घालता. म्हणाले, "जे आम्ही खातो ते, अन् आमच्या आधी." यावर कुठला शिक्का मारायचा ते कंपन्यांनी सांगावं.

नांदेडचा_नाना
माळेगाव आमच्या जिल्ह्यात आहे, लातूरकरांनी क्रेडिट घेऊ नये.

लातूरकर_पश्मी
नाना आले का परत. तुमचा तर विषयच फालतू होता ना?

नांदेडचा_नाना
फालतू म्हणालो नाही, कोरड म्हणालो. आणि ऐका, मलाही एक बोलायचंय. आमच्या लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि तासाभरात गिधाडं उतरायची. आता गिधाड बघायला मिळत नाही. ती कुठल्याशा औषधामुळं गेली म्हणतात. त्याची तपासणी का नाही केली कुणी? तिथं तपासणी कमी पडली असं म्हणायचं ना मग?

गुरांचा_डॉक्टर
नाना, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. डायक्लोफेनॅक. गुरांना तापाला, सुजेला द्यायचो, स्वस्त आणि गुणकारी. गाय बरी व्हायची. पण औषध देऊनही जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गुरांसाठीचं औषध, गिधाडावर काय होईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटानं २००४ ला ते सिद्ध केलं, आणि कसं केलं? पकडलेल्या गिधाडांना डायक्लोफेनॅक देऊन. त्यातली बरीच मेली. मग मेलॉक्सिकॅम हे त्याच्याऐवजी देता येणारं औषध सुरक्षित आहे का हेही गिधाडांना देऊनच बघितलं, ती जगली. २००६ ला भारतानं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. २०२३ ला किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही.
म्हणून 'प्राण्यांवर चाचणी म्हणजे वाईट' हे वाक्य मी म्हणू शकत नाही. त्या मोजक्या गिधाडांनी बाकीच्यांसाठी जीव दिला, त्यांना विचारलं नव्हतं हेही खरं.

गोदामाय
डॉक्टर, यातून मला जे दिसतं ते सांगू का. गिधाडाची चाचणी गिधाडासाठी. कुत्र्याच्या खाण्याची कुत्र्यासाठी. सशाची मात्र सशासाठी नाही, ससा कुठं काजळ लावतो. भोगणारा कोण आणि फायदा कुणाचा, हे मी बघते. पूर्णाकाठ भाऊंच्या पत्नी म्हणतात 'खाण्याची गोष्ट वेगळी', ते मला याच अर्थानं बरोबर वाटतं.

फार्मसीवाली
मावशी, पटलं, पण पुरतं नाही. प्रयोगशाळेतल्या ८ कुत्र्यांना शेरानं काय खावं याच्याशी देणंघेणं नाही. एका कुत्र्याचा फायदा दुसऱ्याच्या पिंजऱ्याची भरपाई होत नाही. शिवाय फायदा शेराचा कमी आणि कंपनीचा जास्त. 'नवीन चव' काढायला घेतलेल्या चाचण्या कुणासाठी?

गोदामाय
चवीसाठीच्या चाचण्या मलाही नकोत बाई. तेवढं तुझं मान्य.

मेहंदी_आणि_मी
बाकीचे काय वापरता ते सांगा ना. मी पार्लरला शिकेकाई-रिठा वापरते म्हणून लोक हसतात. पण रिठाही डोळ्यात गेला तर असा झोंबतो! 'नैसर्गिक' लिहिलं म्हणजे सौम्य नसतं, हे पण ऐका.

पूर्णाकाठ
सगळं घरात वाचून झालं. लेकीनं शाम्पूचा हट्ट ठेवलाय पण आता शिक्क्यापेक्षा कंपनी बाहेरच्या देशात काय करते ते शोधते. फार्मसीवाली ताईंनी चीनचं काही सांगितलं तर बरं, तिनं कुठंतरी वाचलंय.

फार्मसीवाली
चीनमध्ये आयात प्रसाधनांना प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून साध्या मालाला, म्हणजे शाम्पू, लिपस्टिक वगैरे, कागदपत्रं पुरी असतील तर सूट मिळते. हेअर डाय, सनस्क्रीनसारख्या 'विशेष' मालाला ती सूट नाही. त्यामुळं तिला कंपनी तपासायची असेल तर 'चीनमध्ये विकता का' एवढंच विचारून भागत नाही, काय विकता ते विचारायचं.

पूर्णाकाठ
धन्यवाद. पोत्याचं असं ठरलंय की कंपनीला मेल करायची. लेकीनं प्रश्न काढलेत: खाऊ घालून तपासता तर कुत्री कुणाची, कुठं ठेवता, मोकळं फिरायला किती वेळ, कापाकापीच्या चाचण्या करता का. अजून काही?

गुरांचा_डॉक्टर
चाचणी संपल्यावर कुत्र्यांचं काय करता, हे विचारा. यावर जे गोलगोल उत्तर देतील त्यांचं पोतं घेऊ नका. आणि उत्तर येईपर्यंत शेराला उपाशी ठेवू नका, आहे ते चालू द्या. अचानक खाणं बदललं तर हगवण लागते. बदलायचंच तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत.

सडेतोड
कंपनीचं उत्तर आलं तर इथं जसंच्या तसं टाका. मी शब्द न् शब्द वाचणार आहे.

ज्वारीची_भाकर
मेल इंग्रजीत लिहायची का मराठीत? मराठीत असेल तर मी लिहून देतो. शिव्या नंतर काढून टाका.